हवेचा हिशेब : घरच्या गॅरेजसाठी कॉम्प्रेसर निवडण्यापूर्वी

प्रस्तावना

‘पुढे पंचवीस, मागे बत्तीस.’ पंक्चरवाल्याला एवढे सांगितले की बहुतेकांचा एअर कॉम्प्रेसरशी असलेला संबंध संपतो. कोपऱ्यातली काळवंडलेली टाकी, तिच्यावर धडधडणारा पंप, मध्येच ‘फुस्स’ करून गप्प बसणारी मोटर हे सगळे त्याचे. आपण फक्त हवेचे गिऱ्हाईक. पण आता हे यंत्र रो-हाउसच्या पार्किंगमध्ये आणि बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्येही दिसू लागले आहे. कुणाला बुलेटची चेन आणि कार्ब्युरेटर हवा मारून साफ करायचा असतो, कुणाला वडिलांच्या जुन्या जीपला घरीच रंग द्यायचा असतो. सुतारकामाची हौस असलेल्याला पिन गन खुणावते, विमानांची छोटी मॉडेल्स करणाऱ्याला एअरब्रश. अशी हौशी मंडळी नागदेवी स्ट्रीटला किंवा बोहरी आळीत जातात आणि विचारतात, ‘किती एचपीचा घेऊ?’ दुकानदार उलट विचारतो, ‘बजेट किती?’ हवा नेमकी कशाला हवी आहे आणि मिनिटाला किती, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

ही पुस्तिका तिथून सुरू होते. आधी हत्यार ठरवायचे, त्याची हवेची भूक मोजायची आणि मग ती भागवणारे यंत्र शोधायचे. बाजारात नेमके उलटे चालते: आधी यंत्र घरी येते, मग त्याला काय काय जोडता येईल याचा शोध सुरू होतो, आणि वर्षभराने ते यंत्र जुन्या टायरांच्या मागे धूळ खात बसते. पुढची प्रकरणे वाचून काही वाचकांनी कॉम्प्रेसर घेण्याचा बेतच रद्द केला तर मला वाईट वाटणार नाही.

कारण बऱ्याच घरांची गरज टायरात हवा भरण्यापुरतीच असते, आणि तिचा हिशेब चार ओळींत संपतो. लहान मोटारीच्या टायरात साधारण तीस लिटर हवा मावते. दाब २५ पीएसआयवर उतरला असेल आणि तो ३३ वर न्यायचा असेल, तर आठ पीएसआय वाढवायचे, म्हणजे अर्ध्या बारपेक्षा थोडे जास्त. तीस लिटरला त्याने गुणले की सोळा-सतरा लिटर मोकळी हवा लागते. मोकळी हवा म्हणजे पंपात शिरण्याआधीची, बाहेरच्या दाबाची हवा. या पुस्तिकेतले सगळे हिशेब तिच्यातच केले आहेत. चारही चाकांची गरज मिळून साठ-सत्तर लिटर. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, मुठीत मावणारा इन्फ्लेटर एवढी हवा काही मिनिटांत देतो, ठरवलेल्या आकड्यावर आपोआप थांबतो आणि डिकीत पडून राहतो. शिवाय टायरचा दाब गाडी थंड असताना मोजायचा असतो, आणि पेट्रोलपंपापर्यंत जाईतो तो तीन-चार पीएसआयने चढलेला असतो. त्यामुळे सकाळी घराच्या दारात हवा तपासणे हीच खरी पद्धत. एवढ्या कामासाठी पन्नास लिटरची टाकी पार्किंगमध्ये आणून ठेवणे म्हणजे जागेची आणि पैशांची नासाडी. ज्यांची गरज इथे संपते त्यांनी दुसरे प्रकरण वाचून पुस्तिका मिटावी.

पुढे वाचणाऱ्यांनी मात्र दुकानातल्या आकड्यांवर जरा संशय घ्यायला शिकले पाहिजे.

कॉम्प्रेसरच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: एचपी आणि टाकीचे लिटर. विकायला तेच सोपे, कारण एक ताकदीसारखा वाटतो आणि दुसरा डोळ्यांना दिसतो. हत्याराला मात्र या दोन्हींशी थेट देणेघेणे नसते. त्याला मिनिटाला अमुक लिटर हवा, तमुक दाबाला, सतत मिळायला हवी असते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचेच पाहा. टाकी केवढीही मोठी असली तरी बोअरला धार करंगळीएवढी असेल, तर पाहुणे आल्यावर दुपारपर्यंत नळ कोरडा पडतोच. इथे टाकी म्हणजे साठा, आणि पंप जेवढी हवा खरोखर आत ढकलतो ती आवक. टाकी मोठी घेतल्याने हवा वाढत नाही. ती संपायला थोडा उशीर होतो आणि पुन्हा भरायलाही तेवढाच उशीर लागतो.

साठ्याचे गणित रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमाइतकेच सरळ आहे. पन्नास लिटरच्या टाकीतला दाब आठ बारवरून सहावर उतरला की हाती लागते ५० गुणिले २, म्हणजे शंभर लिटर मोकळी हवा. सहावर उतरताच प्रेशर स्विच मोटर पुन्हा सुरू करतो. मिनिटाला तीनशे लिटर खाणारी रंगाची गन लावली असेल, तर हे शंभर लिटर वीस सेकंदांत संपतात. दरवाजाचा अर्धा पत्राही रंगवून होत नाही तोवर मोटर धडधडू लागते आणि पुढचे सगळे काम पंपाच्या आवकेवर येऊन पडते.

ती आवक किती, हा आकडा शोधायला खोक्याची मागची बाजू पाहावी लागते, आणि तिथे एक गफलत जवळपास नेहमी असते. ‘मिनिटाला अमुक लिटर’ असे जे छापलेले असते ते बहुधा पिस्टनने सरकवलेले आकारमान असते, बाहेर पडलेली हवा नव्हे. ४७ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर, ३८ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि मिनिटाला २,८०० फेरे असा पंप धरला, तर एका फेऱ्यात सुमारे ६६ घनसेंटिमीटर आणि मिनिटाला जवळपास १८५ लिटर होतात. कागदावर हिशेब बरोबर आहे. प्रत्यक्षात पिस्टन वर टोकाला गेला तरी त्याच्या डोक्यावर थोडी फट उरतेच. त्या फटीत दाबलेली हवा अडकते, पिस्टन खाली येताना ती आधी फुगते, आणि ती फुगून होईपर्यंत बाहेरची नवी हवा आत येतच नाही. टाकीतला दाब जितका जास्त, तितकी ही चोरी मोठी. शिवाय तापलेल्या सिलिंडरमध्ये शिरणारी हवा पसरते, रिंगांतून थोडी निसटते. आठ बारला असा पंप ११०-१२० लिटर देत असेल तर तो प्रामाणिक समजावा. या खऱ्या आकड्याला कारखान्यात एफएडी म्हणतात. तो छापलेला नसेल तर विचारावा, आणि दुकानदाराला तो सांगता येत नसेल तर स्वतः मोजावा.

मोजणे अवघड नाही. टाकी भरू द्यायची, मग थोडी थोडी हवा सोडून काटा सहा बारच्या खाली आणायचा म्हणजे मोटर सुरू होते, आणि नळ घट्ट बंद करायचा. काटा सहावरून आठवर जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजायचे. पन्नास लिटरच्या टाकीत या प्रवासात शंभर लिटर हवा शिरते. एक मिनिट लागले तर आवक मिनिटाला शंभर लिटर, दीड मिनिट लागले तर सदुसष्ट. आतली हवा गरम असल्यामुळे काटा जरा लवकर चढतो आणि आकडा किंचित फुगतो, तेवढे वजा धरावे. चांगला दुकानदार ही परीक्षा हसत देतो.

एचपीचेही तेच. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. खऱ्या दोन एचपीच्या सिंगल फेज मोटरला पूर्ण भाराखाली साधारण नऊ ते अकरा अँपिअर लागतात. खोक्यावर ‘२ एचपी’ आणि मोटरच्या पत्र्यावर सहा अँपिअर असेल, तर खरे पत्र्याचे धरावे. घरगुती आकाराच्या पिस्टन कॉम्प्रेसरकडून एका एचपीला साठ ते शंभर लिटर खरी हवा मिळते, आणि सरळ मोटरच्या दांड्यावर बसवलेल्या स्वस्त पंपाने साठ दिले तरी पुष्कळ झाले.

आता भूक. एअरब्रश मिनिटाला पंधरा-वीस लिटरवर आणि एक-दोन बारवर खूश असतो. त्याला टाकीही लहान चालते. पिन गन एका ठोक्याला लिटरभरही हवा खात नाही. सुताराचा हात कितीही चपळ असला तरी चोवीस लिटरच्या टाकीवर ती दिवसभर चालते, आणि घरगुती कॉम्प्रेसरचा सगळ्यात शहाणा उपयोग मला हाच वाटतो. हवा मारायची गन दाबून धरली तर शंभर ते तीनशे लिटर घेते, पण ती कुणी मिनिटभर दाबून धरत नाही. दोन सेकंद फुंकायचे, थांबायचे. चाकाचे नट सोडवणाऱ्या अर्धा इंची इम्पॅक्ट गनच्या माहितीपत्रकावर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपासचा आकडा असतो; तो थांबत थांबत वापरण्याची सरासरी असतो. ट्रिगर दाबलेला असताना ती त्याच्या तिप्पट-चौपट हवा ओढते. चार चाकांचे नट सोडवायला टाकीतला साठा पुरतो, कारण मधे जॅक हलवायला वेळ जातो. मोटारीवर रंग मारणारी एचव्हीएलपी गन २८० ते ४०० लिटर मागते, आणि घासकाम करणारा हवेचा सँडर जवळपास तेवढेच, तेही अखंड. इथे घरगुती यंत्र हरते. दोन एचपीच्या मशिनवर पूर्ण गाडी रंगवण्याची स्वप्ने पाहू नयेत. एकेक पॅनल, मधे मधे थांबत, कमी हवेवर चालणारी लहान गन घेऊन रंगवता येते, आणि जुन्या जीपच्या बाबतीत तेवढे पुरते.

सँडरबद्दल तर मी स्पष्टच सांगतो: घरी घेऊ नका. वीज मोटरमध्ये, मोटरमधून पंपात, पंपातून टाकीत, टाकीतून नळीत आणि नळीतून हत्यारात अशा प्रवासात मूळ विजेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणूनच पंपाच्या डोक्याला हात लावता येत नाही. बाहेरची हवा न थंड होता एका झटक्यात सात बारपर्यंत दाबली, तर सैद्धांतिक हिशेबाने तिचे तापमान अडीचशे अंशांच्या वर जाते. तीनशे वॉटचा विजेचा सँडर सरळ प्लगला लावला की जे काम होते, त्यासाठी हवेच्या मार्गाने तीन एचपीचा कॉम्प्रेसर लागतो. इम्पॅक्ट गनचेही आता तसेच झाले आहे. बॅटरीवरची गन चाकाचे नट आरामात सोडवते आणि नळी पायात येत नाही.

मग कारखान्यांत सगळीकडे हवाच का? कारण हे यंत्र जन्माला आले तेच वेगळ्या अडचणींतून. आल्प्स पर्वतातल्या फ्रेजूस बोगद्यात १८६१ पासून जर्में सोमेयेच्या दाबलेल्या हवेवरच्या ड्रिलने खडक पोखरायला सुरुवात झाली. बोगद्याच्या टोकाशी वाफेचे इंजिन नेले असते तर धुराने माणसे गुदमरली असती. हवेचे ड्रिल उलट कामगारांना ताजी हवा सोडत होते. बारा किलोमीटरहून लांब असलेला तो बोगदा १८७१ मध्ये खुला झाला. (त्याच काळात आपल्या बोरघाटात पंचवीस बोगदे खोदले जात होते, ते मात्र हातोडा, पहार आणि सुरुंगाच्या दारूवर. १८६३ मध्ये घाट सुरू झाला, त्यामागे किती मजुरांचे जीव गेले याचा विचार या यंत्राकडे पाहताना माझ्या मनात येतोच.) ठिणगी नको, धूर नको, हत्यार हलके हवे आणि अडकले तरी जळायला नको, या कारणांनी खाणी, गोद्या आणि कारखाने हवेकडे वळले. पुण्यात १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक उभी राहिली, १९६० मध्ये कोइम्बतूरला एल्गी. ती यंत्रे थ्री फेजवर तास न् तास चालण्यासाठी बनली. घरगुती कॉम्प्रेसर हा त्यांचा धाकटा नातलग. दिसायला तसाच, पण दमछाक लवकर होणारा. सलग दहा मिनिटे चालला की त्याला तेवढीच विश्रांती लागते, आणि माहितीपत्रकात ‘ड्यूटी सायकल ५० टक्के’ असे जे बारीक अक्षरांत लिहिलेले असते त्याचा अर्थ हाच.

या पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण पाण्यावर आहे. परदेशी माहितीपत्रकांत या विषयाला चार ओळी मिळतात. रत्नागिरीच्या जुलैत राहणाऱ्याला त्या पुरणार नाहीत.

तीस अंश तापमानाची पूर्ण दमट हवा घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम पाण्याची वाफ धरते. पावसाळ्यात आर्द्रता नव्वद टक्के धरली तर आपल्या हवेत सत्तावीस ग्रॅम असते. ती सात बारपर्यंत दाबली की आकारमान आठवा हिस्सा उरते, आणि पुन्हा तीस अंशांवर आल्यावर त्या लहानशा जागेत जेमतेम चार ग्रॅम वाफ मावते. उरलेल्या तेवीस ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला शंभर लिटर देणारे यंत्र तासभर चालले तर सहा घनमीटर हवा आत जाते आणि जवळपास १४० ग्रॅम पाणी टाकीत आणि नळीत जमते. आता हाच हिशेब मे महिन्यातल्या नागपूरसाठी करू. पंचेचाळीस अंश, आर्द्रता पंधरा टक्के: वाफ दहा ग्रॅम, आणि दाबल्यावरही आठ ग्रॅम मावतात. पाणी होते ते दीड-दोन ग्रॅम. एकच यंत्र, एकच कंपनी. पण कोकणातल्या मालकाने आणि विदर्भातल्या मालकाने वेगवेगळी पथ्ये पाळायला हवीत. नागपूरकरालाही जुलै-ऑगस्ट चुकत नाहीत, हा भाग निराळा.

हे पाणी दोन जागी नडते. पहिली जागा टाकीचा तळ. लोखंडी टाकी आतून गंजते, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून काम संपले की टाकीत एक-दोन बार दाब ठेवून तळाचा ड्रेन कॉक उघडायचा, तपकिरी पाणी निघून कोरडी हवा येईपर्यंत. आठवड्यातून एकदा नव्हे, दर वेळी. बहुतेक मशिनांचा कॉक टाकीच्या पोटाखाली इतका अवघड जागी असतो की महिन्याभरात कंटाळा येतो. पहिल्याच दिवशी तिथे एल्बो आणि लहान नळी बसवून बॉल व्हॉल्व्ह बाजूला आणून घ्यावा. शंभर-दोनशे रुपयांच्या या कामाने टाकीचे आयुष्य जितके वाढते तितके दुसऱ्या कशाने वाढत नाही.

दुसरी जागा रंग. गनमधून रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडाले की पत्र्यावर फोड येतात. दुकानदार ‘एअर फिल्टर लावा’ म्हणतो, आणि लोक तो टाकीच्या तोंडाशीच बसवतात. तिथे हवा अजून गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात असते, त्यामुळे फिल्टरमधून ते निवांत पार होते आणि पुढे नळीत थंड होऊन थेंब बनते. फिल्टर लांब हवा: आधी सात-आठ मीटर लोखंडी पाइप किंवा नळी, मग फिल्टर, मग गन. घरी पाइप टाकणे जमत नसेल तर नळीची काही वेटोळी थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावीत आणि फिल्टर बादलीनंतर लावावा. दिसायला गावठी, पण काम करते. पाइपच टाकायचा असेल तर तो टाकीकडे किंवा ड्रेनकडे हलका उतार देऊन टाकावा, आणि हवेची जोडणी पाइपच्या वरच्या अंगाने काढावी, म्हणजे पाणी तळाने वाहून जाते.

आणि हो, पीव्हीसी नको. प्लंबरच्या पिशवीत असतो, स्वस्त असतो, त्यावर दहा किलो दाबाचा शिक्का असतो, म्हणून तो सर्रास वापरला जातो. तो शिक्का पाण्यासाठी आहे. पाण्याचा पाइप फुटला तर पाणी गळते. दाबलेल्या हवेचा पीव्हीसी पाइप फुटला तर त्याचे सुऱ्यासारखे तुकडे उडतात. जीआय किंवा तांब्याचा पाइप, नाहीतर हवेसाठीच बनवलेली रबरी नळी.

लॅकर किंवा एनसी पॉलिशबद्दल सुतारांना हे आधीच ठाऊक असते: पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश पांढरे पडते. फिल्टर कितीही महागडा असो, हे पाणी नळीतून आलेलेच नसते. रंगकाम दिवाळीनंतर काढावे.

तेलाचा कॉम्प्रेसर घ्यावा की बिनतेलाचा, या प्रश्नावर गिऱ्हाईक जितका वेळ घालवते तितका तो मोठा नाही. बिनतेलाच्या पंपात टेफ्लॉनच्या रिंगा असतात. त्या झिजतात, पण तेल बदलणे नाही, हवेत तेलाचा अंश नाही. म्हणून दातांच्या दवाखान्यात तोच लागतो. तेलाचा पंप सांभाळला तर जास्त टिकतो आणि दुरुस्त करणारा कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. त्यात कॉम्प्रेसरचेच तेल घालावे, स्कूटरमधले उरलेले इंजिन ऑइल नव्हे. इंजिन ऑइलमधली मिश्रणे पाणी धरून ठेवतात आणि व्हॉल्व्हवर काजळी साचते. रंगाच्या हवेत तेल आले तर पत्र्यावर बारीक गोल खड्डे पडतात आणि रंग तिथे बसतच नाही.

खरा निर्णय आवाजावर करावा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते, चार पोलची १,४४० च्या आसपास. पहिल्या जातीची स्वस्त यंत्रे जवळ उभे राहिल्यास ९० डेसिबलच्या आसपास किंचाळतात. चार पोलवरची ‘सायलेंट’ बिनतेलाची यंत्रे साठ-सत्तरवर गुरगुरतात. पट्ट्यावर चालणारा पंप आणखी संथ फिरतो, धडधडतो, पण कानात टोचत नाही. तो जागा मात्र जास्त खातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण सोसायटीतला माणूस डेसिबल मोजत बसत नाही. दुपारी झोपलेल्या बाळाची आजी खाली येते. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये वापरायचे असेल तर ‘सायलेंट’ जातच घ्यावी, आणि कॉमन मीटरच्या प्लगला ती लावू नये. ते भांडण आवाजापेक्षा मोठे होते.

विजेबद्दल थोडक्यात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट क्षणभर ओढते. म्हणून स्वतंत्र सोळा अँपिअरचा पॉइंट, जाड वायर आणि चालू अर्थिंग हवेच. बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावला की व्होल्टेज पडते, मोटर फिरण्याऐवजी गुणगुणते आणि आधी कपॅसिटर, मग वाइंडिंग जळते. लांब जायचे असेल तर वायर लांबवू नये, हवेची नळी लांबवावी. यंत्र बंद होताना जो ‘फुस्स’ आवाज येतो तो बिघाड नसतो. पंपाच्या डोक्यावर अडकलेली हवा त्या वेळी सोडली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला मोकळ्या अंगाने सुरुवात करता येते. तो आवाज यायचा बंद झाला, किंवा उलट फुसफुस थांबेचना, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा प्रेशर स्विच तपासून घ्यावा. खेड्यापाड्यांत जिथे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येते तिथे यंत्र सकाळीच वापरावे, एवढा साधा उपाय आहे.

शेवटची आणि सर्वांत गंभीर गोष्ट टाकीची. पन्नास लिटरच्या टाकीत आठ बारला सुमारे पन्नास हजार जूल ऊर्जा कोंडलेली असते. एक टन वजनाची गाडी ताशी ३६ किलोमीटरने धावताना तिच्यात असते तेवढी. कारखान्यांतल्या दाबाच्या टाक्यांवर कायद्याची नजर असते, त्यांची ठरावीक मुदतीने तपासणी होते. घरच्या टाकीकडे कुणी पाहायला येत नाही. तिचा निरीक्षक मालकच. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून हवा सुटते का ते पाहणे, हा त्यातला सोपा भाग. हवेची गन अंगावरची धूळ झटकायला वापरू नये. कातडीला जखम असेल तर हवा आत घुसते, डोळ्यात कण जातो. कारखान्यांत थट्टामस्करीत नळी सहकाऱ्याच्या अंगाशी नेल्याने आतडी फाटून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. घरात मुले असतील तर वापरानंतर टाकी रिकामी करून प्लग काढणे ही सवय हवी.

जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि गॅसचे रिकामे सिलिंडर जोडून घरी यंत्र बनवण्याचे व्हिडिओ हल्ली फार चालतात. फ्रिजचा पंप शांत असतो, एअरब्रशपुरती हवा देतो, त्याचे मला कौतुकच आहे. सिलिंडर मात्र तेल कंपनीच्या मालकीचे असते, त्याला भोक पाडणे आणि वेल्डिंग करणे बेकायदा आहे. आत उरलेला गॅस हा एक धोका, आणि तळाला ड्रेन नसल्याने वर्षभरात आतून खाल्ला जाणारा पत्रा हा दुसरा.

सेकंडहँड यंत्र घेणाऱ्यांसाठी शेवटचे प्रकरण आहे, आणि ते मी मुद्दाम टाकीपासून सुरू केले आहे. पंक्चरचे दुकान बंद करणाऱ्याकडून मिळालेला पट्ट्याचा कॉम्प्रेसर नव्या स्वस्त यंत्रापेक्षा पुष्कळदा चांगला असतो: ओतीव लोखंडाचा पंप, तांब्याचे वाइंडिंग, रिंगा आणि व्हॉल्व्ह प्लेटा अजून बाजारात. पण टाकीवरची पाटी आधी शोधावी. तिच्यावर बनवणाऱ्याचे नाव, साल, कामाचा दाब आणि चाचणीचा दाब असतो. पाटी खरवडलेली असेल, तळाशी वेल्डिंगचे थिगळ असेल किंवा ड्रेन उघडल्यावर पाण्याबरोबर गंजाचे पापुद्रे येत असतील, तर पंप आणि मोटर तेवढी विकत मागावी आणि टाकी तिथेच सोडावी. औद्योगिक वसाहतींत टाक्या बनवणारे असतात. ते पाण्याने दाब देऊन तपासलेली नवी टाकी देतात. तिच्या पावतीबरोबर चाचणीचे प्रमाणपत्रही मागून घ्यावे, आणि टाकीवरचा नंबर प्रमाणपत्रावरच्या नंबराशी तिथेच ताडून पाहावा.